शरणपूर ते रबाई: केनियाच्या ख्रिस्ती समाजाची पार्श्वभूमी

2019 च्या जनगणनेत केनियातल्या सुमारे 85 टक्के लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती असल्याचे नोंदवले. हा धर्म गोऱ्या मिशनऱ्यांनी तिथे नेला, असे अभिमानाने सांगणारे आहेत आणि त्यावरूनच नाके मुरडणारेही आहेत. किनाऱ्यावर हा समाज ज्यांनी उभा केला, ती पिढी मात्र दोघांच्याही हिशेबात नसते. त्या पिढीतले बरेच जण आफ्रिकी होते आणि नाशिकला शिकले होते.

पोर्तुगीज काळाचा मागमूस फारसा उरला नाही. मोंबासा तेव्हा गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अमलाखाली होते. गोव्यात ऑगस्टिनियन पाद्र्यांच्या हाताखाली वाढलेला, बाप्तिस्मा घेतलेला मोंबासाचा राजपुत्र पुढे तिथल्या गादीवर बसला. 1631 मध्ये त्यानेच फोर्ट जीझस या मोंबासाच्या पोर्तुगीज किल्ल्याच्या कॅप्टनला ठार केले, ख्रिस्ती वस्तीची कत्तल केली आणि तो पुन्हा मुसलमान झाला. त्यानंतर थेट 1844 मध्ये एक जर्मन मिशनरी मोंबासाला उतरला. जवळच्या रबाईच्या टेकडीवर ठाणे पडले, पण वीस वर्षांनंतरही बाप्तिस्मा घेणारे बोटांवर मोजण्याइतकेच होते.

त्याच काळात अरबी समुद्रात इंग्रजी जहाजे गुलाम वाहणारी गलबते पकडत होती. सोडवलेली काही मुले मुंबईत उतरवून नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन वसाहतीत धाडली जात. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. आज शरणपूर रोडवर खरेदीला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल! 1873 मध्ये आफ्रिकेचा प्रसिद्ध शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याचे हृदय चितांबोच्या गावात एका झाडाखाली पुरले, तेव्हा प्रार्थना वाचली ती शरणपूरच्याच एका तरुणाने, आणि खोडावर अक्षरेही त्यानेच कोरली. 1864 मध्ये यांतले पहिले काही जण रबाईला गेले होते. पुढे मोंबासासमोर फ्रेरटाउन वसले, त्याला नाव मिळाले मुंबईच्या माजी गव्हर्नरांचे. 1874-75 च्या सुमारास आणखी दीडशेएक जण तिकडे गेले. शिक्षक, दुभाषे, कारागीर आणि प्रचारक अशी सगळी कामे त्यांनीच उचलली.

खरा पेच इथून पुढचा. हा किनारा तेव्हा झांझिबारच्या सुलतानाचा होता. त्याने 1873 च्या तहाने समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद केला, पण गुलाम बाळगणे कायदेशीरच राहिले. केनियाच्या किनाऱ्यावर ते थेट 1907 पर्यंत चालले. म्हणजे गलबतातून सोडवलेला माणूस मिशनमध्ये राजरोस राहू शकत होता, पण मळ्यातून पळून आलेला माणूस कायद्याने मालकाचीच मालमत्ता होता. पळून आलेल्यांना ठेवून घेऊ नका, असे मिशनच्या वरिष्ठांनी बजावले होते. रबाईत तरीही माणसे येत राहिली, झोपड्या बांधत राहिली, रविवारी उपासनेला बसत राहिली. ठाण्याचा रोजचा कारभार पाहणारा पाळक स्वतः गुलामीतून सुटून नाशिकला वाढलेला. दारात आलेल्याला तो कोणत्या तोंडाने परत पाठवणार? फुलादोयोची वसाहत तर पळून आलेल्यांनी आणि किनाऱ्यालगतच्या गिरियामा जमातीतल्या ख्रिस्ती लोकांनी मिशनच्या देखरेखीबाहेरच उभारली होती.

1888 मध्ये मळेवाले हत्यारे घेऊन येण्याच्या बेतात होते. किनाऱ्याचा ताबा नुकताच घेतलेल्या इंग्रज कंपनीच्या प्रशासकाने मोजणी केली आणि एकट्या रबाईतच शेकड्यांनी पळालेले लोक निघाले. वरिष्ठांनी कानांवर हात ठेवले. शेवटी माणशी 25 डॉलर मालकांना द्यायचे ठरले. कंपनी, इंग्लंडचे सरकार आणि मिशनचे हितचिंतक यांनी मिळून पैसे भरले आणि 1 जानेवारी 1889 ला सुमारे 1,400 जणांच्या मुक्ततेवर शिक्कामोर्तब झाले. यापुढे पळून येणाऱ्यांना थारा मिळणार नाही, असेही मालकांना सांगण्यात आले.

इंग्लंडात या तडजोडीचे कौतुक झाले. तिच्यामुळे रक्तपात टळला, हे खरेच. पण चोरलेल्या माणसाची किंमत चोरालाच मोजली गेली आणि मागून येणाऱ्यांसाठी दार बंद झाले. आदेश मोडणाऱ्यांनी सुवार्तेचा अर्थ वरिष्ठांपेक्षा नीट ओळखला होता, असे माझे मत. अर्थात मिशनच्या गावांतही सगळे आलबेल नव्हते. फ्रेरटाउनमध्ये फटक्यांच्या शिक्षेवरून 1881 मध्ये चौकशी झाली होती.

नाशिकला शिकलेल्या दोघांना 1885 मध्ये पाद्रीपदाची दीक्षा मिळाली, तीही दोन दशकांच्या सेवेनंतर. पुढे गोऱ्या मिशनऱ्यांची संख्या वाढली तशी या जुन्या मंडळींची जागा आक्रसत गेली. 1901 पर्यंत रेल्वे व्हिक्टोरिया सरोवराला पोचली आणि मिशनचे लक्ष डोंगराळ अंतर्भागाकडे वळले. फ्रेरटाउनमध्ये 1903 मध्ये सुरू झालेली धर्मशिक्षणाची शाळादेखील 1930 मध्ये नैरोबीजवळच्या लिमुरूला गेली. आज तिथे विद्यापीठ आहे.