शुक्राला उपग्रह विचारला तर: लॉगटॉकशी पहिली ओळख

प्रोलॉग ही संगणकाची प्रोग्रामिंग भाषा १९७२ साली फ्रान्समधल्या मार्सेय इथे आलँ कोल्मेरोएर आणि फिलिप रूसेल यांनी घडवली. तिच्यात प्रोग्राम लिहायचा म्हणजे खऱ्या गोष्टी नोंदवायच्या आणि मग प्रश्न विचारायचा. 'फिरतो(पृथ्वी, सूर्य).' ही एक नोंद. 'फिरतो(_कोण, सूर्य).' हा प्रश्न. एक उत्तर मिळाले आणि दुसरे मागितले, की प्रोलॉग मागे जाऊन पुढची शक्यता तपासते. (प्रश्नातला अज्ञात, इथे '_कोण', सहसा मोठ्या रोमन अक्षराने सुरू करतात. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, म्हणून इथे आधी अधोरेषा दिली आहे. तीही नियमात बसते.)

अडचण येते ती पसारा वाढल्यावर. हजारो नोंदी आणि नियम एकाच अंगणात नांदू लागले की कोणता नियम कोणाचा, हे कळेनासे होते. प्रोलॉगच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत यासाठी मॉड्यूलची, म्हणजे प्रोग्रामचे वेगळे भाग करायची, सोय आहे, पण ती सगळीकडे सारखी नाही. पोर्तुगालमधल्या पाउलो मौरा यांनी १९९८मध्ये सुरू केलेली लॉगटॉक ही भाषा इथे उपयोगी पडते: ती नोंदी आणि नियम वेगवेगळ्या गटांत, म्हणजे ऑब्जेक्टमध्ये, ठेवू देते. प्रोलॉग आणि स्मॉलटॉक (ऑब्जेक्टवाली आणखी एक भाषा) या दोन नावांचा मिलाफ तिच्या नावातच आहे. ती मुक्त स्रोत आहे आणि प्रोलॉगच्या डोक्यावर बसते: आधी एसडब्ल्यूआय-प्रोलॉग किंवा जीएनयू प्रोलॉगसारखी एखादी प्रणाली बसवायची, मग लॉगटॉक. आपण लिहिलेली फाइल ती साध्या प्रोलॉगमध्ये रूपांतरित करते आणि पुढचे काम प्रोलॉगच करते.

आता एक ऑब्जेक्ट करू, 'ग्रह'. त्यात एवढेच जाहीर करायचे, की 'उपग्रह' हे प्रेडिकेट, म्हणजे ज्या नावाने नोंद करायची आणि प्रश्न विचारायचा ते, सार्वजनिक आहे: बाहेरून कोणीही विचारू शकते. उपग्रह कोणते, ते इथे लिहायचे नाही. मग 'ग्रह'चा विस्तार करणारे, म्हणजे त्यात जे आहे ते आपसूक मिळणारे, 'बुध', 'शुक्र', 'पृथ्वी' आणि 'मंगळ' हे ऑब्जेक्ट. पृथ्वीत चंद्राची नोंद, मंगळात फोबोस आणि डिमोस यांची. बुध आणि शुक्र रिकामे. क्लास, म्हणजे साचा, बनवून त्याचे नमुने काढायची सोयही आहे, पण सुरुवातीला हा थेट मार्ग मला फार सोपा वाटतो.

ऑब्जेक्टला निरोप पाठवायचा तो दोन अपूर्णविरामांनी: 'मंगळ::उपग्रह(_कोण).' उत्तर येते फोबोस. आणखी मागा, डिमोस. इतर बहुतेक ऑब्जेक्टवाल्या भाषांत निरोप म्हणजे हुकूम असतो आणि तो एकदाच पाळला जातो. इथे निरोप हाच प्रश्न आहे. त्याला एक उत्तर असेल, अनेक असतील किंवा एकही नसेल. लॉगटॉकची खरी गोडी मला इथे दिसते.

शुक्राला तोच प्रश्न विचारा. उत्तर येते 'नाही'. चूक दाखवली जात नाही, कारण प्रश्न जाहीर केलेला आहे, फक्त त्याला लागू पडणारी नोंद नाही. पण शुक्राला 'कडी' (शनीभोवती असतात तशी) विचारलीत, तर त्रुटीचा संदेश येतो, कारण कड्यांबद्दल आपण काही जाहीरच केलेले नाही. 'उत्तर नाही' आणि 'प्रश्नच माहीत नाही' या दोन गोष्टींत लॉगटॉक फरक करते. साध्या प्रोलॉगमध्ये तो इतका नीट पाळता येत नाही, आणि मोठ्या प्रोग्रामात चुका शोधताना त्याची किंमत कळते. मात्र सार्वजनिक म्हणून जाहीर करायलाच विसरलात, तर ऑब्जेक्टच्या आत असलेली नोंदही बाहेरून दिसत नाही. मंगळही मग त्रुटीच देईल.

आता 'ग्रह'मध्येच एक नियम घाला, 'एकाकी': मला एकही उपग्रह नसेल तर मी एकाकी. हेही सार्वजनिक करा. नियमात 'उपग्रह'च्या आधी दोन अपूर्णविराम असतात, पण त्यांच्याआधी नाव नसते. त्याचा अर्थ, ज्याला मूळ निरोप आला त्यालाच विचार. नियम एका जागी लिहिला, पण शुक्राला विचारले की तो शुक्राच्या नोंदी पाहतो आणि मंगळाला विचारले की मंगळाच्या.

शेवटी दोन प्रश्न स्वल्पविरामाने जोडा: 'ग्रह'चा विस्तार कोण कोण करते, आणि त्यांतले एकाकी कोण? लॉगटॉक एकेक ऑब्जेक्ट उचलते, त्याला विचारते, उत्तर 'नाही' आले की मागे फिरून पुढचा घेते. हाती दोनच नावे येतात, बुध आणि शुक्र.