कम्युनिटी कॉलेजात तत्त्वज्ञान कुठून आलं?

नर्सिंग, वेल्डिंग, हिशेबनीस होण्याचे कोर्स: अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आपल्याला हेच आठवतं. त्याच इमारतीत प्लेटो आणि कांटही शिकवतात म्हटल्यावर ‘हे कशाला?’ असा प्रश्न येतो. हा विषय तिथं मागाहून चिकटवलेला आहे, असा समज त्यामागे असतो. इतिहास तसं सांगत नाही.

१९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट इथं जे. स्टॅन्ली ब्राउन या शाळाप्रमुखांनी आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी हायस्कूललाच पुढची दोन वर्षं जोडली. विद्यार्थी होते सहा. गाव न सोडता विद्यापीठाची पहिली दोन वर्षं पुरी व्हावीत, एवढाच हेतू. म्हणजे या कॉलेजांची सुरुवात विद्यापीठी विषयांपासून झाली. धंदेशिक्षणाचा भर नंतर वाढला.

याच हार्पर यांनी १८९४ साली जॉन ड्युईंना शिकागोत तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख म्हणून आणलं होतं. काहींना हाताचं काम आणि काहींना विचार, अशी शिक्षणाची वाटणी लोकशाहीला घातक आहे, हे ड्युई आयुष्यभर मांडत राहिले. हार्पर यांच्याशी बिनसल्यावर १९०४ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१३ साली तिथं आलेल्या भीमराव आंबेडकरांना शिक्षक म्हणून लाभले. जातिनिर्मूलनावरच्या १९३६ सालच्या, कधीच न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी ड्युईंचं ऋण नाव घेऊन मानलं आहे. विचार करण्याचा हक्क कुणाचा, हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही तो यामुळेच.

‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झालं ते १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाच्या अहवालानं. कामाचं शिक्षण आणि सर्वसाधारण शिक्षण एकाच छपराखाली असावं, हा त्याचा आग्रह होता. १९६० साली कॅलिफोर्नियानं आपल्या उच्च शिक्षणाच्या आराखड्यात, म्हणजे मास्टर प्लॅनमध्ये, या कॉलेजांचं दार सगळ्यांना उघडं ठेवलं आणि तिथून विद्यापीठात जायची वाट आखून दिली.

तत्त्वज्ञानाचा पाया पक्का झाला तो मात्र एका प्रशासकीय आदेशानं. १९८० साली कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं पदवीसाठी चिकित्सक विचाराचं शिक्षण सक्तीचं केलं. युक्तिवाद कसा तपासायचा, गृहीतकं कशी ओळखायची, फसवा तर्क कुठं असतो, हे शिकवणं आलं. ते काम तर्कशास्त्राच्या शिक्षकांचंच. बदलीनं, म्हणजे कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करून पुढं विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्यांनाही हा कोर्स लागत असल्यानं कम्युनिटी कॉलेजातले तत्त्वज्ञानाचे वर्ग भरू लागले. सक्तीनं आलेल्या विद्यार्थ्याला विषयाची गोडी लागेल का, ही शंका रास्त आहे. पण दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गात बसणाऱ्या माणसानं न्याय म्हणजे काय, यावर वाद घालावा, यापेक्षा या विषयाला योग्य जागा मला दिसत नाही. अन्याय त्यानं पुस्तकाबाहेर पाहिलेला असतो.

लेखक अर्ल शॉरिस यांनी हे पारखून पाहिलं. गरिबीबद्दल माहिती घेताना तुरुंगातल्या एका स्त्रीनं त्यांना सांगितलं, की गरिबांच्या मुलांना नाटकं, संग्रहालयं, व्याख्यानं यांतून मिळणारं नैतिक जग द्या. १९९५ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये गरीब प्रौढांसाठी क्लेमेंटे कोर्स सुरू केला. तो कम्युनिटी कॉलेजातला नव्हता, पण प्रश्न तोच होता. येण्याजाण्याला सबवेची टोकनं, आणि वाचायला प्लेटो.

कॅलिफोर्नियात आता नियम पुन्हा बदलला आहे. २०२५ च्या शरद सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बदलीची जी एकच विषययादी लागू झाली, तीत चिकित्सक विचार निबंधलेखनाशी जोडलेला आहे. नुसता तर्कशास्त्राचा कोर्स त्या रकान्यात बसत नाही. शिकवणाऱ्यांना आता तर्काबरोबर लेखनही शिकवावं लागतं, नाहीतर ती जागा इंग्रजी विभागाकडे जाते.