सहाराच्या काठचं कासव, सिडकोच्या थंडीत

डिसेंबरातली रात्र, साडेनऊ वाजलेले, आणि भाचीचा फोन. "मामा, हे काही खातच नाही. चार दिवस झाले. काकडी दिली, टोमॅटो दिला, पोळीसुद्धा चुरून दिली."

हे म्हणजे कासव. नाशिकच्या सिडकोतल्या तिच्या इमारतीतलं वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड बदलीच्या गावी गेलं आणि जाताना हौसेनं आणलेलं पिल्लू हिच्या हातात देऊन गेलं. त्याआधी ते वर्षभर गॅलरीतल्या निळ्या टपात, वॉशिंग पावडरच्या पुड्याशेजारी राहत होतं. मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे नात्यागोत्यात पाल निघो की वटवाघूळ, फोन मलाच येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. पिल्लू तळहाताहून लहान. मातकट पिवळा रंग, पाठीवरच्या प्रत्येक खवल्याला तपकिरी काठ आणि मागच्या मांड्यांवर टोकदार काटे. काटे बघितल्यावर ओळख पटली: सल्काटा, आफ्रिकेतलं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं तर ९६ ग्रॅम. डोळे अर्धवट मिटलेले, पाठ खडबडीत, प्रत्येक खवला छोट्या टेकाडासारखा वर आलेला.

आधी ओळख का, तर पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून. हे आपल्याकडचं तारा कासव असतं, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, तर पुढचं काही लिहायची वेळच आली नसती. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तारा कासव त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरात भरभराट येते म्हणून ते पाळणारे भेटतात, पण तो सरळ गुन्हा आहे. असं कासव दिसलं की वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा, बास. सल्काटा परदेशी असला तरी त्यालाही कागद लागतो: अशा प्राण्यांची केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि प्राणी एका हातातून दुसऱ्या हातात गेला तर तेही कळवावं लागतं. शेजाऱ्यांकडे कागद होते, एवढं बरं. भाचीला आधी ते काम उरकायला लावलं.

दुसरी गोची आपल्या भाषेची. पाण्यातलं असो की जमिनीवरचं, मराठीत दोन्ही कासवंच. त्यामुळे जमिनीवरचं कासव फिश टँकमध्ये टाकणारे आहेत आणि पुण्य लागेल म्हणून सोमेश्वरला नाहीतर रामकुंडावर गोदावरीत सोडणारेही आहेत. खांबासारखे पाय, बोटांमध्ये पडदा नाही, असं कासव पोहत नाही, बुडतं. आणि पाण्यातलं परदेशी कासव, तो लाल कानाचा स्लायडर, नदीत सोडला तर तो बुडत नाही, पण इथल्या कासवांच्या तोंडचा घास काढून घेतो. याच नदीवर खाली नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

आता न खाण्याबद्दल. भाचीला वाटत होतं ते नव्या घराला बुजलंय. थोडं बुजलेलं असेलही. पण खरं कारण गॅलरीतल्या फरशीत होतं. डिसेंबरात नाशिकचा पारा रात्री दहाच्या आसपास येतो, निफाडकडे तर त्याहून खाली. आपण बाजरीची भाकरी खाऊन आतून ऊब तयार करतो. कासवाला ती सोय नाही. त्याच्या शरीराचं तापमान भोवतालाबरोबर चढतं-उतरतं आणि पचनाची विकरं (एन्झाइम्स), आतड्यातले जिवाणू, रोगप्रतिकारशक्ती, सगळं त्या तापमानावर चालतं. गार कासवाच्या पोटात अन्न ढकललं तर ते पचत नाही, तिथंच आंबतं. म्हणजे भूक मरणं हा त्या शरीराचा शहाणपणाच होता. गारठ्यात झोपून घेणारी कासवं आहेत, पण सल्काटा त्यातला नव्हे. तो सहाराच्या दक्षिण काठचा, सेनेगलपासून पूर्वेला इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यातला. शीतनिद्रा त्याच्या रक्तात नाही.

म्हणून खाणं बंद आणि ऊब सुरू. जुन्या कपाटाचा प्लायवूडचा मोठा खण घेतला, एका टोकाला वर पिवळा जुन्या पद्धतीचा बल्ब टांगला (एलईडी इथं कुचकामी, तो पुरेशी उष्णता देत नाही), दुसरं टोक मोकळं. बल्बाखाली ३५ अंश, पलीकडे २७. हा फरक मुद्दाम ठेवायचा. कासव स्वतःच दिवसभर इकडून तिकडे सरकून आपलं तापमान जमवतं. सगळा खण सारखा तापवला तर त्याला पळायला जागाच उरत नाही. रात्री उजेड नको, म्हणून त्याच होल्डरमध्ये सिरॅमिक हीटर. तापमापक दोन्ही टोकांना, अंदाज नाही. अंदाजानं भात शिजतो.

ऊब मिळाल्यावर पाणी. स्टीलच्या परातीत कोमट पाणी, पाठ आणि पोट जिथं जुळतात तिथपर्यंत, मान आरामात वर राहील एवढंच. पंधरा-वीस मिनिटं, रोज. पहिल्या दिवशी पिल्लानं मान खाली घातली, नाक बुडवलं आणि गळा हलवत ते कितीतरी वेळ पीत राहिलं. भाची म्हणाली, "मामा, हे तहानलेलं होतं!" मग परातीत थोडंसं पांढरं पडलं. ते नीट बघण्यासारखं असतं. आपण नायट्रोजनाचा कचरा युरियाच्या रूपात पाण्यात विरघळवून टाकतो; कोरड्या मुलखातली कासवं पाणी वाचवायला तो युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. पहिल्या दिवशीचं पांढरं रव्यासारखं कणीदार होतं, बोटांत चुरल्यावर खरखरीत. म्हणजे शरीर फार सुकलेलं. सहाव्या दिवशी तेच दह्याच्या निवळीसारखं मऊ. रक्त न काढता मिळालेला हा रिपोर्ट.

घाबरलं की कासव साठवलेलं पाणी सोडून देतं, म्हणून सोसायटीतल्या पोरांना पहिले पंधरा दिवस ते उचलायला बंदी केली. एक पोरगं रुसलं.

आता ऊन. या विषयावर गैरसमजांचं पीक फार. शेजाऱ्यांनी टप गॅलरीच्या काचेच्या खिडकीशी ठेवला होता, "ऊन मिळतं की" म्हणून. ऊन मिळत होतं, पण काचेतून. उन्हातल्या अतिनील किरणांचा यूव्हीबी नावाचा पट्टा कातडीत ड जीवनसत्त्व तयार करतो आणि खिडकीची साधी काच नेमका तोच अडवते. ड नाही तर आतड्यातून कॅल्शियम शोषलं जात नाही. मग रक्तातलं कॅल्शियम राखायला शरीर हाडांतून काढत बसतं, आणि कासवाचं कवच हे हाडच आहे. देवळात नंदीसमोरच्या फरशीत कोरलेलं कासव बघून आपल्याला कवच म्हणजे वरून घातलेलं चिलखत वाटतं. तसं नाही. बरगड्या आणि पाठीचा कणा त्यात जोडलेले असतात, वर केरॅटिनचे खवले, आणि त्याला संवेदना असते. त्यामुळे कॅल्शियम कमी पडलं की कवच मऊ पडतं. कडा हलके दाबून बघितल्या, किंचित लवचीक लागल्या. त्यावर खोबरेल तेल चोळा असा सल्ला मिळाला होता. तेलानं कवच चकचकीत दिसतं, धूळ धरतं आणि आतलं हाड होतं तसंच राहतं.

बरं, कोवळं ऊन? बाळाला आपण कोवळ्या उन्हात धरतो, पण सकाळी सूर्य खाली असताना किरणांना ओझोनमधून लांबचा प्रवास करावा लागतो आणि यूव्हीबी वाटेतच गळतो. एक सोपी खूण आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर यूव्हीबी चांगला. नाशिक २० अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य भर माध्यान्हीलाही जेमतेम ४६ अंशांवर येतो, म्हणजे सावली उंचीहून आखूड होते ती साडेबाराच्या आसपास, थोडाच वेळ. भाचीनं तीच वेळ धरली. गच्चीत अर्धा तास, वर जाळी (कावळे आणि घारी), अर्ध्या भागावर गोणपाटाची सावली. आणि काचेच्या टँकमध्ये ठेवून उन्हात कधीच नाही, काही मिनिटांत त्याची भट्टी होते. गच्ची नसेल तर यूव्हीबीची खास ट्यूब घ्यावी लागते.

पाठीवरच्या टेकाडांची गोष्ट मला सगळ्यात आवडते. बरीच वर्षं असं मानलं जायचं की प्रथिनं जास्त झाली की खवले असे उंचावतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सल्काटाचीच पिल्लं कोरड्या आणि दमट हवेत, कमी-जास्त प्रथिनांवर वाढवून बघितली. टेकाडं आली ती मुख्यतः कोरड्या हवेमुळे. प्रथिनांचा हात नावापुरता. वाळवंटाच्या काठच्या प्राण्याला दमट हवा? पण हा प्राणी उन्हात कमी आणि बिळात जास्त असतो, आणि जमिनीखालची हवा ओलसर असते. आपण त्याला वाळवंटाचा म्हणून वाळूत ठेवतो, तो राहत असतो वाळूखाली. मग खणात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलसर करून घातलं आणि फुटक्या मडक्याचं बीळ केलं. हात घातला तर गार नाही, उबदार ओल लागली पाहिजे. ओल आणि गारठा एकत्र आले की छाती भरते. नाकाशी फुगे, तोंड उघडून श्वास, असं दिसलं की डॉक्टर. कासवाला छातीचा पडदा नसतो, आपल्यासारखं खोकून कफ काढता येत नाही.

खाणं चौथ्या दिवशी सुरू झालं, जास्वंदाच्या एका फुलानं. सल्काटा मूळचा गवत खाणारा. हरळी, जास्वंदाची पानं, तुतीचा पाला, शेवग्याचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग. काकडी म्हणजे पाणी, टोमॅटोत कॅल्शियम नाहीच्या बरोबर, पालकातली ऑक्झॅलेट्स नावाची द्रव्यं आहे ते कॅल्शियमही बांधून ठेवतात, आणि पोळी-भात त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंचा संसारच मोडतात. फळं नकोत. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस आणला. माखलीचं हे हाड, जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. तुकडा खणात ठेवला, वाटेल तेव्हा कुरतडतं.

द्राक्षाची पानंही कासवांना उत्तम. पिंपळगावच्या मित्रानं छाटणीची पोतंभर पानं देऊ केली. नको म्हटलं. फवारणीचं वेळापत्रक त्यानंच मला तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं.

एक गोष्ट मात्र ठळक सांगतो. "जंताचं औषध देऊन टाका" म्हणून कुणीतरी भाचीला आयव्हरमेक्टिन सुचवलं. गुरांना, कुत्र्यांना ते सर्रास देतात. कासवांना ते विष आहे. मज्जासंस्थेत शिरून लुळं पाडतं, जीवही जातो. जंतासाठी शेण तपासून, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यानंच कासवाला चालणारं दुसरं औषध द्यायचं.

आणि हात धुवा. निरोगी कासवाच्या शेणातही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवं विकायलाच बंदी आली, कारण पोरं ती तोंडात घालत. आमच्या ताईनं ती परात कायमची कासवाच्या नावावर केली; स्वयंपाकघरात तिला आता प्रवेश नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा वहीत आकडे होते: ९६, ९९, १०३, १०२, १०९, ११७. कवचाच्या कडा टणक. खवल्यांच्या मधे फिकट, सपाट नवी रेघ आलेली. जुनी टेकाडं जाणार नाहीत, नवी वाढ सपाट येईल.

"हे किती मोठं होतं, मामा?" भाचीनं तेव्हा पहिल्यांदा विचारलं. गॅलापागोस आणि अल्डाब्राच्या कासवांनंतर जगातलं तिसरं मोठं, मी म्हटलं, नर ४०-५० किलोंचा सहज होतो, आणि जगतं पन्नास वर्षांहून जास्त.

ताई आतून बाहेर आली, खणाकडे बघितलं, मग गॅलरीकडे. "दिंडोरीची जमीन अजून विकलेली नाही ना?" तिनं विचारलं.