येऊरच्या माकडांना उगाच बदनाम करू नका

ठाण्याच्या येऊरच्या जंगलातली माकडं घोडबंदर रोडच्या एखाद्या सोसायटीत घुसली की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी हमखास टाकतंच, "लांब रहा रे, एड्स माकडांमुळेच आलाय." आलाय माकडांमुळेच, पण ती ही नव्हेत. एड्सचा व्हायरस एचआयव्ही, त्याचा पूर्वज माकडांमधला एसआयव्ही, तो निसर्गात सापडतो फक्त आफ्रिकेत, तिथल्या चाळीसेक जातींत, आपल्याकडच्या माकडांत तो नाहीच. चावलं तर रेबीजचं इंजेक्शन मात्र लगेच घ्या, तिथे चालढकल नको.

आता गंमत बघा, चिंपांझी माकडांची शिकार करून खातात, आणि त्यांचा एसआयव्ही बनलाय दोन वेगवेगळ्या माकडांच्या व्हायरसची सरमिसळ होऊन. मग माणसाने चिंपांझी मारला, कापताना रक्त हाताच्या जखमेत गेलं असणार, आणि कॅमेरूनच्या आग्नेय कोपऱ्यातल्या जंगलातून तो आपल्यात आला, साधारण १९०० च्या आसपास. हे एकदाच झालं असंही नाही. एचआयव्हीचे दोन प्रकार, त्यातल्या एचआयव्ही-१ चे एम, एन, ओ, पी असे चार ग्रुप म्हणजे माणसात मारलेल्या चार वेगळ्या उड्या, त्यातल्या ओ आणि पी गोरिलांकडून, आणि एचआयव्ही-२ तर पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगबे नावाच्या भलत्याच माकडाकडून.

मग जगभर एकटा एमच का पसरला? आपल्या पेशींत टेथरिन नावाचं प्रोटीन असतं, नवीन तयार झालेला व्हायरस बाहेर पडायला लागला की हे त्याला दाव्याला बांधलेल्या गुरासारखं पेशीलाच अडकवून ठेवतं. चिंपांझीच्या व्हायरसकडे हे दावं तोडायला नेफ नावाचं प्रोटीन होतं, पण नेफ टेथरिनच्या ज्या तुकड्याला धरतं नेमका तोच माणसात गळालेला, पाचच अमिनो आम्लं, बास. एमने मग ते काम व्हीपीयू या दुसऱ्याच प्रोटीनकडून करून घेतलं. एनला ते अर्धवटच जमलं, पीला नाहीच, दोघंही मूठभर लोकांपुरतेच राहिले.

पण नुसत्या प्रोटीनवर साथ येत नाही हो, त्याला गर्दी लागते, आणि ती मिळाली काँगोची आजची राजधानी किन्शासात. तिथल्या १९५९ च्या एका रक्ताच्या नमुन्यात एम सापडलाय, आणि जीन्सच्या हिशोबाने तो तिथे १९२० च्या सुमारासच पोचला होता. तिथून बेल्जियन काळातल्या रेल्वेने दक्षिणेला खाणींच्या लुबुम्बाशीकडे गेला, त्या बाजूलाच एमचा सबटाइप सी हा पोटप्रकार फोफावला, आणि भारतातल्या बहुतेक पेशंटमध्ये आज तोच सी आहे.