कोळंबीची रोगप्रतिकारशक्ती

कोळंबीच्या शरीरात प्रतिपिंडे (ठरावीक जंतूला ओळखून चिकटणारी प्रथिने) तयार होत नाहीत. होऊन गेलेल्या रोगाची ओळख जपणाऱ्या लसिकापेशीही तिच्याकडे नसतात. तिची सारी भिस्त उपजत प्रतिकारावर असते. त्यामुळे माशांना टोचतात तशी लस कोळंबीला लागू पडेल, ही अपेक्षा मुळातच चुकीच्या जागी उभी आहे.

कायटिनयुक्त कवच हा पहिला अडसर. वाढीसाठी कोळंबी वारंवार कात टाकते आणि नवे कवच कडक होईपर्यंत तिला जंतूंचा धोका अधिक असतो. जंतू आत शिरला की रक्तपेशी पुढे येतात. त्या तीन प्रकारच्या असतात: कणविरहित, अर्धकणयुक्त आणि कणयुक्त. लहान जंतूंना त्या गिळतात, मोठ्यांना वेढून टाकतात. कणयुक्त पेशींत प्रोफिनॉलऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) निष्क्रिय स्वरूपात साठवलेले असते. बुरशीतील बीटा-ग्लुकान किंवा जिवाणूंच्या भित्तिकेतील घटक ओळखले गेले की विकरांची साखळी सुरू होऊन मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य तयार होते. जखमेवरचा काळा डाग तो हाच. या अभिक्रियेत निघणारी विषारी संयुगे खुद्द कोळंबीच्या ऊतींनाही जाळतात, म्हणून रोधक प्रथिने या अभिक्रियेला लगाम घालतात. रक्ताभिसरण उघडे, म्हणजे रक्त केवळ नलिकांत बंदिस्त नसल्याने, ते चटकन साकळणेही तितकेच निकडीचे. ते काम ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर करते. जोडीला जिवाणूनाशक पेप्टाइडे (छोटी प्रथिने) असतात. त्यांपैकी पेनिइडिने १९९७ मध्ये व्हॅनामी या संवर्धनातल्या कोळंबीच्या जातीत प्रथम आढळली.

विषाणूंपुढे ही यंत्रणा तोकडी पडते. जुळणारा आरएनए तोडून विषाणूची वाढ रोखण्याचा, म्हणजे आरएनए-हस्तक्षेपाचा, मार्ग कोळंबीकडे आहे. प्रयोगशाळेत दुपदरी आरएनए टोचून तात्पुरते संरक्षण मिळते, पण तळ्यातल्या लाखो कोळंब्यांना सुई कोण टोचणार? पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूजन्य रोग १९९० च्या दशकाच्या आरंभी पूर्व आशियात उद्भवला आणि जगभर पसरला. त्यात तीन ते दहा दिवसांत जवळजवळ सगळे पीक मरू शकते. पाणी ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर मरतूक बरीच घटते. वाचलेल्या कोळंब्या मात्र विषाणू बाळगून राहू शकतात.

तीव्र यकृत-स्वादुपिंड ऊतिनाश रोगाची तऱ्हा वेगळी. व्हिब्रिओ जिवाणू जठरात ठाण मांडतो आणि तिथूनच विष सोडतो, त्यामुळे रक्तपेशींची गाठ पडण्याआधीच यकृत-स्वादुपिंड हे इंद्रिय निकामी होऊ लागते.

बाजारातले ‘विशिष्ट-रोगजंतुमुक्त’ बीज (तळ्यात सोडायची पिल्ले) रोगप्रतिकारक असते, हा समज चुकीचा आहे. ते यादीतल्या ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त असते, इतकेच. प्रतिकार वाढतो तो निवड पद्धतीच्या पैदाशीने: टॉरा या विषाणूजन्य रोगाला दाद न देणारे व्हॅनामीचे वाण अशाच निवडीतून निघाले.