रास्पबेरी पायवर स्वतःचा कर्नल: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

रास्पबेरी पाय म्हणजे छोटा संगणक-बोर्ड, कर्नल म्हणजे त्यावरच्या लिनक्सचा गाभा, आणि कंपाइल म्हणजे सोर्स कोडपासून तो बांधणं. "कर्नल कंपाइल करून द्याल का?" असं कोणी विचारलं की आम्ही आधी विचारतो, कशासाठी? आय-टू-सीवरचं घड्याळ किंवा एसपीआय डिस्प्ले (दोन्ही पिनांवरून भाग जोडायच्या पद्धती) जोडायचा असेल, तर कॉन्फिग.टीएक्सटी या बूटच्या सेटिंग फाइलमध्ये ओव्हरलेची, म्हणजे जोडलेला भाग कर्नलला कळवणारी, एक ओळ टाकून बोर्ड रीस्टार्ट केला की बहुतेक वेळा भागतं. तेवढ्यासाठी कर्नलला हात लावू नका.

खरी गरज पडते ती ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा कोड) लिनक्सच्या सोर्समध्ये असूनही तयार कर्नलमध्ये बंद असेल तेव्हा. 'मॉडप्रोब कॉन्फिग्ज' ही कमांड द्या आणि प्रॉक फोल्डरमधली कॉन्फिग.जीझेड वाचा. ड्रायव्हरच्या नावापुढे 'वाय' असेल तर तो कर्नलमध्येच आहे, 'एम' असेल तर मॉड्यूल म्हणून, म्हणजे लागेल तेव्हा जोडला जाणारा वेगळा तुकडा म्हणून आहे. दोन्ही नसेल तर मात्र कंपाइल करणं आलं. दुसरं कारण रिअल-टाइमचं, म्हणजे मोटर वगैरे वेळेवर हलवायची असेल तर. त्यासाठी पूर्वी वेगळा पॅच (सोर्समधले बदल) लावावा लागे. २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीपासून तो मुख्य कर्नलमध्येच आहे. कर्नलच्या कॉन्फिग मेन्यूत दिसला नाही तर आधी 'एक्स्पर्ट' पर्याय चालू करा.

सोर्स गिटवरून (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) घेताना 'डेप्थ १' द्या, नाहीतर वर्षानुवर्षांचा सगळा इतिहास डाउनलोड होत बसेल. सुरुवात तयार कॉन्फिगपासूनच करा: पाय ४ साठी बीसीएम२७११, पाय ५ साठी बीसीएम२७१२ (ही त्यांच्या चिपची नावं). मग 'लोकलव्हर्शन' या सेटिंगमध्ये स्वतःची खूण घाला. ही पायरी घाईत राहून जाते आणि नवे मॉड्यूल जुन्यांच्याच फोल्डरमध्ये जाऊन बसतात.

पाय ४ वर कंपाइलला तास-दोन तास सहज जातात. चिप ८० अंश सेल्सियसच्या आसपास पोचली की स्वतःहून वेग कमी करते, म्हणून पंखा लावाच. मधेच लाइट गेली तर 'मेक' ही कंपाइलची कमांड पुन्हा चालवल्यावर झालेलं काम सहसा वाया जात नाही; मेमरी कार्ड खराब झालं तर मात्र सगळंच गेलं. बोर्ड इन्व्हर्टरवर ठेवा. १ जीबी रॅमच्या बोर्डावर चार कामं एकदम लावू नका, दोन पुरेत. आम्ही स्वतः लॅपटॉपवर क्रॉस-कंपाइल करतो, म्हणजे बोर्डाचा कर्नल लॅपटॉपवरच बांधतो. काम लवकर उरकतं आणि बोर्ड तापत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुनी कर्नल८.आयएमजी, म्हणजे मूळ कर्नलची फाइल, पुसू नका. नवा कर्नल वेगळ्या नावाने ठेवा आणि कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये 'कर्नल=' पुढे ते नाव लिहा. मूळ नावावर ठेवलात तर पुढच्या अपडेटला तो पुसला जाईल आणि "काल चालत होतं" म्हणत तुम्ही आमच्याकडे याल. डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या भागांचं वर्णन) आणि ओव्हरलेच्या फाइलीही बदलतात, म्हणून आधी कार्डावरचं सगळं बूट पार्टिशन लॅपटॉपवर कॉपी करून घ्या. बोर्ड सुरू झाला नाही तर कार्ड लॅपटॉपला लावा. ते पार्टिशन फॅट असल्याने विंडोजमध्येही उघडतं. ती ओळ काढा, बदललेल्या फाइली परत टाका, जुना कर्नल चालू होईल.

बाहेरून घेतलेला ड्रायव्हर 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणाला तर तो बहुधा दुसऱ्या कर्नलसाठी बांधलेला असतो. नव्या सोर्सवर पुन्हा बांधा.

कर्नल बदलल्याने आमची वॉरंटी जात नाही. ३.३ व्होल्टच्या जीपीआयओ (बाहेरचे भाग जोडायच्या) पिनला ५ व्होल्ट दिलेत तर जाते. आम्ही बसवून दिलेल्या कर्नलचा सोर्स आणि कॉन्फिग फाइल हवी असेल तर बिल दाखवून मागा. जीपीएल आवृत्ती २ या लिनक्सच्या परवान्याप्रमाणे सोर्स देणं आम्हाला बंधनकारक आहे, आणि त्याचे आम्ही पैसे घेत नाही. पेनड्राइव्ह तेवढा आणा.