पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो?

‘मणक्यातून पाणी काढू देऊ नका, पेशंट कायमचा लुळा पडतो’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भीती वाटणं साहजिक आहे. हे पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव; तपासणीसाठी तो कमरेत सुई टोचून काढतात. पण मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो आणि सुई त्याच्या खाली टोचतात. स्वतः पाहा: हात कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर ठेवा, अंगठे मागे सरळ रेषेत जिथे भेटतात, तो साधारण कंबरेचा चौथा मणका. सुई त्याच्या लगेच वरच्या किंवा खालच्या फटीत. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं. गंभीर इजा फार क्वचित.

एचआयव्ही असलेल्यांचा या तपासणीने जीव वाचू शकतो. सीडी४ (रोगप्रतिकारक पेशींची रक्तातली संख्या) १०० च्या खाली गेलं की क्रिप्टोकॉकस ही बुरशी मेंदूच्या आवरणात शिरण्याचा धोका मोठा. नागपूरच्या मे महिन्यात डोकेदुखी, ताप, उलट्या म्हणजे ऊन लागलं असं समजून पन्हं देण्यात मोलाचे दिवस जातात. सीटी स्कॅन नॉर्मल येऊनही हा आजार असू शकतो. त्या पाण्यात काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की बुरशीच्या पेशीभोवती स्वच्छ पांढरं कडं दिसतं. बुरशीचे अंश शोधणारी अँटिजेन चाचणी तर शाईत न दिसलेली बुरशीही पकडते. शिवाय या आजारात डोक्यातला दाब वाढला असेल, तर हेच पाणी काढल्याने डोकेदुखी उतरते.

संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा: सुई कुठे टोचणार, दाब मोजणार का, क्रिप्टोकॉकल अँटिजेन तपासणार का?